कोल्हापुरात नवीन आलाय? पाट्या, खुणा आणि नकाशे असे वाचा

जून-जुलै लागला की कोल्हापुरात नवी माणसं दिसायला लागतात. कुणी विद्यापीठात नाहीतर इंजिनिअरिंगला आलेलं असतं, कुणी शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत रुजू व्हायला, तर कुणी पेशंटला घेऊन सीपीआरला. हातात फोन असतो, फोनात नकाशा असतो, आणि तरीही दाभोळकर कॉर्नरला उभं राहून माणूस फोन गोल गोल फिरवत असतो.

कारण इथे रस्ता दाखवणाऱ्या दोन व्यवस्था एकाच वेळी चालू असतात. एक सरकारी. तिची भाषा आकार, रंग आणि आकड्यांची. दुसरी लोकांची. तिच्यात तिकटी, वेस, तालीम, टॉकीज आणि पुतळे येतात. फोनमधला नकाशा दोन्हींतलं थोडं थोडं उचलतो आणि कुठलीच नीट सांगत नाही. दोन्ही वाचता यायला लागल्या की आठवड्याभरात शहर अंगवळणी पडतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं घ्या. गाडी चालवणार नसाल तरी दुसरी पायरी गाळू नका.

पहिली पायरी: आधी दिशा

कोल्हापुरात दिशा ठरवायला होकायंत्र लागत नाही, अंबाबाईचं देऊळ पुरतं. देवी पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत किरणोत्सव होतो, तेव्हा मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि मूर्तीपर्यंत पोचतात. म्हणजे महाद्वार पश्चिमेला. महाद्वारासमोर देवळाकडे तोंड करून उभे राहिलात की तुमचं तोंड पूर्वेला.

आता बाकीचं जुळवून घ्या. पाठीमागे, थोडा उजव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला जरा दक्षिणेकडे कलून रंकाळा. डावीकडे, उत्तरेच्या अंगाला पंचगंगा घाट आणि शिवाजी पूल. समोर, थोडं डावीकडे रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक. समोर उजव्या अंगाला, आग्नेयेला सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ. आणि या सगळ्याच्या पलीकडे पूर्वेला हायवे, उत्तरेला पुण्याकडे आणि दक्षिणेला बेळगावकडे जाणारा. एवढं डोक्यात बसलं की फोनच्या निळ्या ठिपक्यानं दगा दिला तरी अडत नाही.

देवळाला आणखी दरवाजे आहेत. उत्तरेच्या दरवाज्याला घाटी दरवाजा म्हणतात. कुणाला भेटायचं ठरवताना "देवळापाशी" एवढंच सांगू नका, दरवाज्याचं नाव सांगा. आणि चप्पल कुठल्या दरवाज्याला सोडली ते लक्षात ठेवा, नाहीतर भरउन्हात तापलेल्या फरशीवरून अख्ख्या देवळाला वळसा घालावा लागतो.

दुसरी पायरी: आकार, मग रंग, मग अक्षर

रस्त्यावरची पाटी वाचायचा हाच क्रम. अक्षर सगळ्यात शेवटी, कारण अक्षर जवळ गेल्यावर दिसतं आणि तोपर्यंत निर्णयाची वेळ गेलेली असते.

भारतातल्या रस्त्यांवरच्या पाट्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीप्रमाणे लावतात आणि देशभर तिचं व्याकरण एकच आहे. गोल पाटी म्हणजे हुकूम: लाल कडेचा गोल काय करू नये ते सांगतो, निळा गोल काय केलंच पाहिजे ते सांगतो. टोक वर असलेला त्रिकोण म्हणजे सावधानता, पुढे वळण, शाळा, गतिरोधक. चौकोन म्हणजे नुसती माहिती, दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंग. दोन पाट्या मुद्दाम वेगळ्या आकाराच्या ठेवल्यात. 'थांबा'ची आठ कोनांची आणि 'वाट द्या'ची उलट्या त्रिकोणाची. त्यांच्यावर चिखल उडाला, रंग उडाला, त्या पाठमोऱ्या दिसल्या, तरी नुसत्या कडेवरून ओळखू याव्यात हा त्यामागचा हेतू. समोरच्या रस्त्याला आठकोनी पाटीची पाठ दिसली तर समजा, तिकडून येणाऱ्यानं थांबायचं आहे. अर्थात तो थांबेलच असं धरून चालू नका.

नव्या माणसाला दंड होतो तो बहुधा तीन पाट्यांवरून. लाल तबकडीवर आडवी पांढरी पट्टी म्हणजे प्रवेश बंद. पेठांच्या अरुंद रस्त्यांवर एकेरी मार्ग असतो आणि ही पाटी बऱ्याचदा दुकानाच्या छपराआड जाते. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ म्हणजे पार्किंग नाही, पण माणूस उतरवायला थांबता येतं. दोन रेघांची फुली असली तर थांबायचंसुद्धा नाही. तिसरी सम-विषम तारखेची. जिथे ती पाटी असेल तिथे सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची. रात्री लावून झोपलात तर बारा वाजता तारीख बदलते, हे ध्यानात ठेवा.

रंगाबद्दल एक. नुसत्या रंगावर भिस्त ठेवलेली खूण कच्ची, कारण लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं आपल्यात असतात, त्यात पुरुष जास्त. म्हणून तर खाण्याच्या पाकिटावरची मांसाहाराची खूण बदलली. पूर्वी शाकाहाराला हिरवा आणि मांसाहाराला तपकिरी, पण दोन्हींत गोल ठिपकाच होता. आता मांसाहाराला त्रिकोण आहे. तांबडा-पांढरा रस्सा कुठे मिळतो हे सांगायला मात्र कोल्हापुरात खुणेची गरज पडत नाही, वासावरून कळतं.

आता तक्रार. या शहरात सरकारी पाटीचा सगळ्यात मोठा शत्रू वाढदिवसाचा फ्लेक्स. दिशादर्शक कमानीवर, सिग्नलच्या खांबावर, वळणाच्या पाटीच्या नेमक्या समोर कुणीतरी गॉगल घालून हात जोडून उभा असतो. नव्या माणसाला वळण कळत नाही, पण दादांचा वाढदिवस कळतो. बाबुराव पेंटरांच्या, सिनेमाची पोस्टरं हातानं रंगवणाऱ्यांच्या गावात हे व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. जुन्या पेंटर लोकांनी ब्रशनं रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या अजून काही गल्ल्यांत दिसतात. ठळक अक्षर, दोनच रंग, भोवती मोकळी जागा. रस्त्याच्या पलीकडून वाचता येतात. फ्लेक्सवर सतरा चेहरे आणि बत्तीस नावं असतात आणि वाचता एकही येत नाही.

दुकानाच्या पाटीचा एक उपयोग मात्र कुणी सांगत नाही. तिची सगळ्यात खालची ओळ वाचा. नावाखाली बारीक अक्षरात पत्ता असतो: पेठ, गल्ली, जवळची खूण. आपण नक्की कुठे उभे आहोत याचं खात्रीचं उत्तर तिथे मिळतं. चुकल्यासारखं वाटलं की लगोलग तीन दुकानांच्या खालच्या ओळी वाचायच्या. एका पाटीवर जुना पत्ता असू शकतो, तिन्हींवर नसतो. दुकानाचं नाव मराठीत आणि इतर भाषेपेक्षा लहान नसलेल्या अक्षरात असणं २०२२ च्या कायदादुरुस्तीनं सगळ्या दुकानांना सक्तीचं झालंय. त्यामुळे फोनवर इंग्रजीत नाव दिसत असलं तरी डोळ्यांनी शोधायचं ते देवनागरी.

तिसरी पायरी: हायवेचे आकडे

पुण्याकडून येताना हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं दिसतात. ती हायवेची दिशादर्शक पाटी. क्रमांक ४८. जुनी माणसं अजून 'एनएच फोर' म्हणतात, कारण २०१० मध्ये देशभरच्या महामार्गांचे क्रमांक बदलले तोवर तो चारच होता. नव्या पद्धतीत सम आकडा म्हणजे उत्तर-दक्षिण रस्ता आणि विषम म्हणजे पूर्व-पश्चिम. तीन आकडी क्रमांक म्हणजे फाटा: शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. रत्नागिरीकडून कोल्हापूरमार्गे सोलापूरला जाणारा १६६, म्हणजे कोकणातल्या ६६ चा फाटा. एवढं कळलं की नकाशा न उघडताही रस्ता कुठून आलाय याचा अंदाज बांधता येतो.

कडेचे किलोमीटरचे दगडही बोलतात. डोकं पिवळं असलं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असलं तर राज्य महामार्ग, काळं असलं तर जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी असलं तर गावचा. गाड्यांचे नंबर सोपे: एमएच ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा. केए २२ बेळगाव आणि केए २३ चिक्कोडी, या गाड्या इथे इतक्या दिसतात की सीमा जवळ आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुण्याहून येताना क्रम असा लक्षात ठेवा: शिरोली, पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेल, उचगाव. तावडे हॉटेल हे नाव जेवायला नव्हे, उतरायला पाठ करायचं. शहरात न शिरणाऱ्या बस तिथेच सोडतात. गोकुळ शिरगावची पाटी दिसली तर शहर मागे राहिलं, कंडक्टरला हाक मारा.

चौथी पायरी: पत्ता फोडून वाचा

इथे जरा थांबू, कारण खरी दमछाक इथेच होते.

जुन्या पद्धतीचा कोल्हापुरी पत्ता साधारण असा असतो: एक आकडा, मग 'ई वॉर्ड', मग 'शाहूपुरी, दुसरी गल्ली', मग 'अमक्याच्या मागे'. पहिला आकडा सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे जमिनीच्या मोजणीचा. तो रस्त्यावरच्या घरांचा ओळीनं दिलेला नंबर नाही. जागेचे वाटे झाले की तिरकी रेघ मारून पोटनंबर पडतात. त्यामुळे शेजारच्या घराचा नंबर पुढचाच असेल असं समजून चालत सुटू नका. वॉर्डाचं अक्षर ए पासून ई पर्यंत. शिवाजी पेठ ए, मंगळवार पेठ बी, शुक्रवार पेठ डी, आणि शाहूपुरी, राजारामपुरी ई. निवडणुकीच्या प्रभागांशी याचा संबंध नाही, हे जुने भाग आहेत. पत्त्यात अक्षर आणि पेठ जुळत नसेल तर पत्ता उतरवून घेताना चुकलाय असं समजा.

आता गल्ल्या. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, शाहूपुरीतही आहेत. रिक्षावाल्याला नुसतं "तिसरी गल्ली" म्हटलं तर तो त्याच्या मनातल्या तिसऱ्या गल्लीत नेतो. दोन्ही वस्त्या आखून वसवलेल्या, गल्ल्या समांतर, म्हणून इथे मोजत जाता येतं. पेठांत हा हिशेब चालत नाही. तिथे रस्ते पायवाटेनं घडलेत, वाकतात, फुटतात, पुन्हा भेटतात.

पेठांत खुणांवर चालायचं. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा: पापाची तिकटी, मिरजकर तिकटी. वेस म्हणजे जुन्या तटबंदीचा दरवाजा होता ती जागा: गंगावेस, रंकाळवेस, वरुणतीर्थ वेस. दरवाजे गेले, नावं राहिली. या वेशी नकाशावर टिंबं देऊन जोडल्यात तर जुन्या गावाचा घेर हाताला लागतो, आणि घेराच्या आत गाडी नेण्यापेक्षा चालत जाणं शहाणपणाचं, हेही लक्षात येतं. तालमी म्हणजे पेठेची ओळख. पाटाकडील, दिलबहार, जुना बुधवार, फिरंगाई. कुस्तीतली नावं फुटबॉलमध्येही तीच, आणि पत्त्यातही तीच.

पुढची अडचण: पाटीवरचं नाव एक आणि तोंडातलं दुसरं. पाटीवर ताराराणी चौक, लोक म्हणतात कावळा नाका. तिकिटावर श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, लोक म्हणतात स्टेशन. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असं पूर्ण नाव घेतलंत तर समोरचा क्षणभर विचारात पडेल, सीपीआर म्हणा. पाटी शोधताना सरकारी नाव आणि माणसाला विचारताना बोलीतलं नाव, दोन्ही लिहून ठेवा.

विचारायचं कसं, तेही सांगतो. "ओ दादा" किंवा "मावशी" म्हणून सुरुवात करा. पूर्ण पत्ता वाचून दाखवू नका, जवळची मोठी खूण विचारा. "बिंदू चौक कुठं?" तिथे फुले आणि आंबेडकरांचे पुतळे १९५० पासून आहेत, कुणीही सांगेल. उत्तर येईल: "असं सरळ जावा, तिकटीवरनं डावीकडं वळा, म्होरं गेलं की दिसतंयच." "दिसतंयच" म्हणजे त्याला दिसतं. तुम्ही वळणापर्यंत जायचं आणि तिथे पुढच्याला विचारायचं. एका माणसाकडून एक वळण घ्या. तीन वळणं एकदम ऐकली की दुसरं विसरतं.

पिनकोड शेवटी, पण तपासायला कामाचा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाचा वर्गीकरण जिल्हा. ४१६ इथलं. मग ००४ विद्यापीठाकडचा भाग, ००८ राजारामपुरी, ०१२ शिवाजी पेठ. कुरिअर भलतीकडे गेलं तर आधी हे शेवटचे तीन आकडे बघा.

पाचवी पायरी: नकाशा हातात धरायचा कसा

फोनचा नकाशा उघडला की उत्तर वर असते. तुमचं तोंड दक्षिणेला असेल तर नकाशातलं उजवं तुमच्या डावीकडे पडतं. बहुतेक चुकीची वळणं इथे होतात. होकायंत्राचं चिन्ह दाबा, नकाशा फिरून तुमच्या तोंडाची दिशा वर येईल. निळ्या ठिपक्यातून निघणारा फिकट झोत रुंद असेल तर फोनलाच दिशेची खात्री नाही. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात दोन-चारदा फिरवा, झोत अरुंद होतो. पेठेतल्या अरुंद बोळात ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो, कारण उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो. तिथे ठिपक्यापेक्षा दुकानाच्या पाटीची खालची ओळ खरी.

मोठ्या आवारात किंवा प्रेक्षणीय ठिकाणी 'तुम्ही येथे आहात' असा भिंतीवरचा नकाशा असतो. त्यात आधी एक तपासा: नकाशाचा वरचा भाग म्हणजे तुमच्या समोरचा भाग आहे का? काही ठिकाणी एकच नकाशा छापून चारही भिंतींवर लावलेला असतो. त्यातल्या तीन भिंतींवर तो फिरलेला. दोन गोष्टी धरा, एक तुम्हाला प्रत्यक्ष दिसणारी आणि एक तुमचा लाल ठिपका. त्या दोन्ही जुळेपर्यंत मनातल्या मनात नकाशा फिरवा, मग पाय उचला.

पर्यटनाचे चित्रनकाशे वेगळेच. त्यांत देऊळ, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, नृसिंहवाडी सगळं बोटाएवढ्या अंतरावर. प्रत्यक्षात पन्हाळा साधारण २० किलोमीटर वायव्येला आणि नृसिंहवाडी ४० च्या पुढे पूर्वेला. हा नकाशा खोटा नाही, त्याला फक्त काय काय बघायचं तेवढंच सांगायचंय. लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकनं केलेला नकाशा १९३३ मध्ये छापला गेला, त्यानंही अंतरं सोडून दिली आणि नुसता क्रम आणि गाडी बदलायची ठिकाणं ठेवली. प्रवाशाला तेवढंच हवं होतं. म्हणून नकाशा दिसला की आधी त्याच्यावर मोजपट्टी आहे का ते पाहा. नसेल तर अंतराचा अंदाज त्याच्यावरून बांधायचा नाही.

पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालायचा बेत असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा बघायला शिका. त्यात कागदावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या उंचीफरकानं. रेषा दाटल्या की चढ. बाकी जंगलात फोनच्या रेंजवर विसंबू नका.

सहावी पायरी: स्टँड, स्टेशन आणि इमारती

हे पटकन होण्यासारखं आहे.

एसटीच्या पाटीवर आधी शेवटचं गाव वाचा, मग 'मार्गे' नंतरचं गाव, मग 'विनाथांबा' आहे का ते. मधल्या गावाला उतरायचं असेल आणि पाटीवर विनाथांबा असेल तर चढू नका. पाट्या आणि आकडे बहुधा देवनागरीत असतात, तेव्हा बरोबरच्या परराज्यातल्या मित्राला ० ते ९ एवढे दहा आकडे शिकवून ठेवा. शहरात मध्यवर्ती, रंकाळा आणि संभाजीनगर अशी तीन स्थानकं आहेत. "स्टँडवर भेटू" म्हणताना कुठल्या, ते सांगा. शहरातली बस केएमटीची, तिच्याही पाटीवर दोन्ही टोकं आणि मधला मार्ग पाहा.

रेल्वे स्टेशनवर पिवळ्या फलकावर काळ्या अक्षरात नाव, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. कोल्हापूर शेवटचं स्टेशन, त्यामुळे झोप लागून पुढे जायची भीती नाही. फलाटावर उठावाच्या पिवळ्या फरश्या असतात त्या शोभेसाठी नाहीत. ही कल्पना जपानच्या सेइची मियाके यांची, पहिल्या फरश्या १९६७ मध्ये ओकायामात बसल्या. लांबट उठाव म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे कडा किंवा वळण आहे. गाडीची वाट बघताना ठिपक्यांच्या ओळीच्या आतल्या बाजूला उभे राहा.

हॉस्टेल, मॉल, थिएटर, दवाखाना, कुठेही गेलात की दाराकडे धावणारा हिरवा माणूस शोधा. युकिओ ओटा या जपानी चित्रकारानं तो घडवला आणि पुढे तो आंतरराष्ट्रीय मानकात गेला. आग लागल्यावर धुरात अक्षर वाचत बसायला वेळ नसतो, म्हणून चित्र. त्याच्या बाणाच्या दिशेनं एकदा सहज चालून बघा. दाराला कुलूप असेल किंवा जिन्यात खोकी रचलेली असतील तर ते राहायला गेल्याच्या दिवशीच कळलेलं बरं.

सातवी पायरी: पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये या शहराच्या खुणांचं एक वेगळंच पुस्तक उघडतं, आणि नव्या माणसाला ते कुणी वाचून दाखवत नाही.

कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे. पंचगंगेची पाणीपातळी तिथे फूट-इंचांत मोजतात आणि पेपरात, फोनवर दर थोड्या वेळानं तोच आकडा फिरतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. हा आकडा बंधाऱ्यावरचा आहे, तुमच्या गल्लीतला नाही. ४३ म्हणजे दारात ४३ फूट पाणी नव्हे. त्याचं तुमच्या घराशी नातं काय, ते तुम्हालाच शोधावं लागतं. घरमालकाला थेट विचारा: "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? आणि तेव्हा बंधाऱ्यावर किती होतं?" त्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर या भागांत राहणाऱ्यांना हे उत्तर पाठ असतं. काही भिंतींवर पाण्याची रेघ आणि साल लिहून ठेवलेलं दिसेल. खोली बघायला जाल तेव्हा अशी रेघ शोधा, आणि तिची उंची खोलीतल्या पलंगाशी ताडून बघा.

दुसरी खूण नकाशावरची: पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळीपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. या 'एकदा'चा लोक सर्रास चुकीचा अर्थ लावतात. एकदा येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत, असं त्यात काही नाही. कुठल्याही एका वर्षी तेवढा पूर यायची शक्यता ४ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या वर्षी आला होता की नव्हता याचा त्या आकड्याशी संबंध नाही. चार वर्षांच्या डिग्रीला निळ्या रेषेवर खोली घेतलीत तर त्या काळात निदान एकदा पाणी दाराशी यायची शक्यता साधारण १५ टक्के निघते. २०१९ नंतर २०२१ च्या जुलैमध्ये लगेच मोठा पूर आला, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना हे गणित समजवावं लागत नाही. भाडं कमी का आहे, याचं उत्तर कधी कधी या रेषेत असतं.

तिसरी खूण बातम्यांतली. "अमुक बंधारे पाण्याखाली" असं वाचलंत की त्याचा अर्थ वाहतुकीशी लावा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून गावागावांत ये-जा चालते. बंधारा बुडाला की तो रस्ता संपला. "राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले" ही दुसरी ओळ. धरणाला असे सात दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, आणि ते पाणी भोगावतीतून काही तासांनी पंचगंगेत येतं. म्हणजे शहरात पाऊस थांबला तरी आकडा चढू शकतो. किती दरवाजे उघडेत हे बघूनच दुसऱ्या दिवशीचा प्रवास ठरवा.

रस्ते ठरलेल्या जागी तुटतात. गगनबावडा मार्गावर बालिंगा, रत्नागिरी मार्गावर केर्ली, आणि पूर मोठा असला तर पुणे हायवेवर शिरोली. २०१९ आणि २०२१ ला हायवेसुद्धा बंद पडला होता. फोनचा नकाशा अशा वेळी उशिरा जागा होतो. पाण्याखालचा रस्ता मोकळा दाखवतो, कारण त्यावर गाड्याच नसतात. म्हणून या दिवसांत फोनपेक्षा पोलिसांचं बॅरिकेड मोठं. पुढचा टेम्पो गेला म्हणून मागोमाग घालू नका, त्याची चाकं तुमच्या दुचाकीपेक्षा उंच आहेत. रस्त्याच्या दोन्ही कडांचे पांढरे-काळे दगड दिसत नसतील तर डांबर कुठे संपतं ते कुणालाच माहीत नाही.

अशा दिवशी वाट विचारताना प्रश्नही बदलायचा. "रस्ता कुठला?" असं विचारलंत तर लोक नेहमीचा सांगतात. "आत्ता कुठला चालू आहे?" असं विचारा. आणि सकाळी चालू असलेला संध्याकाळी बंद होतो, तेव्हा परतीचंही तिथेच विचारून घ्या.